पान सव्वीस

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. विद्यापीठाच्या जाड कागदावर, शिक्क्याखाली, स्वतःच्या सहीने खोटं लिहिलंत. "आपल्या लेखनाचे आमच्या समितीने साद्यंत व आस्थेने वाचन केले" हे तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य. पहिलं अभिनंदनाचं आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. माझी पोरगी त्या लायकीची आहे, आणि ते मला तुमच्याकडून कळायला हवं होतं असंही नाही. तिसरं वाक्य फीमध्ये सवलत देता येत नाही असं सांगणारं, त्याबद्दलही नाही. दुकान तुमचं, भाव तुमचा. पण दुसरं वाक्य खोटं आहे आणि ते मी सिद्ध करू शकतो, कारण मी बाइंडर आहे. बावीस वर्षं तुमचे प्रबंध बांधतोय. तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी मागच्या दाराने येतो, ग्रंथालयाच्या तळघरात गठ्ठा ठेवतो, पोचपावती घेतो आणि जातो. तुमच्या स्वतःच्या प्रबंधाच्या पाठीवर तुमचं नाव सोन्यात ठोकलं तेही मीच. त्यातलं एक अक्षर केसभर खाली उतरलंय. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तुमचं पाकीट आज सकाळी आलं. पोरीने उघडलं, पत्र दोनदा वाचलं, माझ्यासमोर ठेवलं आणि शिकवणीला गेली. जाताना म्हणाली, दोन्ही विद्यापीठांना संध्याकाळी पाचच्या आत कळवायचंय, मी दुपारी येते. बस, एवढंच. ती अशीच आहे. ज्याच्या हाताखाली मी हे काम शिकलो तो म्हातारा उस्ताद तिला लहानपणी टीपकागद म्हणायचा. सगळं शोषून घेते आणि वरून कोरडीच्या कोरडी. तिच्या आईने पत्र वाचलं नाही. ती खिडकीशी बसून छापील पानांचे फर्मे शिवत होती, सुई न थांबवता तिने विचारलं, "मग? विकायचं ना मशीन?" आमच्यात ठरलं होतं तसं. तुमच्याकडे नाव लागलं तर कटिंग मशीन जाणार. गिऱ्हाईक येऊन बघून, पातं बोटाने चाचपून गेलं होतं. मशीन गेलं की बाइंडरचं दुकान म्हणजे दात पाडलेलं तोंड. हे मला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही त्यावर बोलायचं नाही असं न बोलताच ठरवून बसलो होतो. मी म्हटलं, विकायचं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. छाती अशी भरून आली होती, की जणू तुमच्या फाटकावरचं नाव कुणी माझ्याच पाठीवर सोन्यात ठोकलंय. लाज वाटते सांगायला, पण त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात ते नाव कितीदा तरी उच्चारलं. माझी मुलगी अमुक ठिकाणी आहे, असं वाण्याला, पोस्टमनला, आणि मरून नऊ वर्षं झालेल्या उस्तादालासुद्धा सांगून टाकलं.

पत्राखाली तिची प्रत होती. तुम्ही परत पाठवलेली. प्रवेशासाठी चाळीसेक पानांचं स्वतःचं काहीतरी लिहून पाठवा असं तुम्हीही सांगितलं होतं आणि त्या दुसऱ्यांनीही. तिने एकच लिहिलं, अठ्ठेचाळीस पानांचं, आपण शिकायला कुठे शिकलो याबद्दल, आणि मी त्याच्या दोन प्रती बांधल्या. निळं कापड, आतून करडं अस्तर, जुजबंदी शिलाई तिच्या आईच्या हातची. तुमची प्रत मी हातात घेतली ती कौतुकाने नव्हे, भीतीने. कारण त्या दोन्ही प्रतींत माझी एक चूक होती, आणि सहा आठवडे ती माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

ही चूक तुम्हाला नीट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मोठा कागद छापून तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा होतो. दुमडलेल्या कडा शेवटी मशीनवर कापल्या की पानं सुटी होतात. पण पोरीने कागद वाचवायला समास इतके बारीक ठेवले होते, की मशीनवर घातलं असतं तर ओळींची टोकंच उडाली असती. म्हणून मी घड्या हाताने फोडल्या, हाडाच्या पट्टीने, एकेक. आणि मला वाचायची खोड आहे. उस्ताद त्यावरून शिव्या द्यायचा. आचाऱ्याने चाखत बसू नये आणि बाइंडरने वाचत बसू नये, पंगत उपाशी उठते, म्हणायचा. पण मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, आणि माझ्या हाताखालून तुमच्या घरचं सगळं ज्ञान कागदाच्या रूपाने जात होतं, ओलं, सुटं, अजून कापडात न गेलेलं. मी वाचणार नाही तर काय करणार? पुलांच्या खांबांभोवती पाणी कसं फिरतं ते वाचलं. बहिरी मुलं भांडतात कशी ते वाचलं. झोपेवरचा एक प्रबंध वाचताना मला झोप लागली, पण त्यात प्रबंधाचा दोष नव्हता. न समजलेला शब्द पुठ्ठ्याच्या कतरणीवर लिहायचा आणि त्यावर लिहिणारा कुठे ना कुठे त्याचा अर्थ सांगेपर्यंत वाट पाहायची, ही माझी शाळा. एकदा एका प्रबंधाची शेवटची चाळीस पानं ही मधलीच चाळीस पानं होती, फक्त आकडे बदललेले. मी तळघरातल्या कारकुनाला दाखवलं. तो म्हणाला, "तू पुठ्ठ्याचं बघ." त्या पोराला पदवी मिळाली. पुठ्ठा मी चांगलाच केला होता.

तर घड्या फोडता फोडता मी पोरीचं वाचत होतो, आणि दुसऱ्या फर्म्यात पान पंचवीसच्या तळाशी आलो. तिथे होतं: बाबा माझ्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोलले. मी सात वर्षांची होते आणि आम्ही. तिथे पान संपलं होतं. पुढचं वाक्य घडीच्या आत. पट्टी माझ्या हातात होती, घडी अंगठ्याखाली होती, आणि माझ्याने ती फोडवेना. कोणतं खोटं ते मला माहीत होतं. मी ती प्रत बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली, जणू दुसरीत तिने दया दाखवून काही वेगळं लिहिलं असेल. तेच वाक्य. तिथेच हात थांबला. मग खळ सुकायला लागली म्हणून तिची आई ओरडली, मी पुढच्या घड्यांवर गेलो, आणि दोन्ही प्रती दाबात घातल्या. टपालात पडल्यावर आठवलं. सव्वीस आणि सत्तावीस, दोन्ही प्रतींत बंद. कडेला फुटलेली नाही अशी एक घडी. वरून डोकावलं तर नळीत डोकावल्यासारखं, अक्षरांच्या पाठी दिसतात फक्त. तेव्हापासून मला एकच दिसायचं. एक मोठं टेबल, तुम्ही सगळे चष्मे लावून बसलेले, कुणीतरी ती प्रत उचलून म्हणतोय, ज्या घरात एक पुस्तक धड बांधता येत नाही त्या घरातली मुलगी. नकार आला असता तर तो माझ्यामुळे असता.

नकार आला नाही. म्हणजे तुम्ही ती घडी फोडली होती, आणि फोडूनही पोरीला घेतलं होतं. मला वाटलं, मोठी माणसं. आज सकाळी मी ती प्रत उघडली ती फक्त एवढंच बघायला, की कशाने फोडलीत. सुरीने, पट्टीने की नुसत्या बोटाने. बोटाने फोडली की कड केसाळ होते, मला कळलं असतं. पण प्रत उघडताना आधी आवाज आला. नवं पुस्तक पहिल्यांदा उघडलं की पाठीतली सुकी खळ एकदाच बोलते, सुपारी फुटल्यासारखी. एकदाच. दुसऱ्यांदा कधी नाही. तो आवाज माझ्या टेबलावर आला, साहेब. तुमच्या नाही. पहिल्या पानावर तुमचा "प्राप्त" असा शिक्का होता, तिरका, आणि त्यापुढे एका पानाचीही कड मऊ झाली नव्हती. सव्वीस-सत्तावीस जशीच्या तशी बंद. मी दुमडली होती तशी.

हा आवाज मी ओळखतो. चार वर्षांपूर्वी तुमच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजलेले प्रबंध माझ्याकडे पुन्हा आले होते. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांपूर्वी मीच बांधलेले. वाळवून एकेक उघडला, आणि एकामागून एक आवाज येत गेला. तिची आई शिवता शिवता म्हणाली, "अहो, अजून कोरेच आहेत की हे." तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, चला, निदान एका माणसाने तरी वाचलेत.

आज हसू आलं नाही. आज मी काय केलं ते सांगतो, कारण दुसऱ्याला खोटारडा म्हणायचं तर आपलाही हात दाखवावा लागतो. मी तिच्या आईकडे पाहिलं. तिची मान खाली होती. मी हाडाची पट्टी उचलली आणि त्या घडीत घातली. पोरीला कळू नये म्हणून. ती येईल, प्रत उघडेल, पान सुटं दिसेल, तिला वाटेल वाचलं होतं. आणि मशीन जाईल, ती तुमच्याकडे जाईल, फाटकावरचं ते नाव आमचं होईल. मी तुमच्या खोट्याला माझ्या हाताने खरं करत होतो. त्याच फाटकाशी मी आधीही हेच केलं होतं. ती सात वर्षांची होती, शाळेला सुट्टी होती, गठ्ठ्याचं एक टोक धरून माझ्याबरोबर आली होती. फाटकापाशी मान वर करून तिने विचारलं, बाबा, तुम्ही इथे शिकलात? पहारेकरी ऐकत होता. तो मला रोज मागच्या बाजूने जायला सांगायचा. मी म्हटलं, "हो." तिने गठ्ठा आणखी उंच धरला. तळघरापर्यंत उंचच धरून चालली, हात भरून आले होते तरी. पुढे तिने ते शाळेत सांगितलं असणार, मैत्रिणींना सांगितलं असणार, आणि कधीतरी, नक्की कधी ते मला माहीत नाही, तिला कळलं असणार. ती काही बोलली नाही. टीपकागद. पट्टी दोन बोटं आत गेली होती, कागदाचा तो करकर आवाज झाला आणि मी थांबलो. का थांबलो, ते मोठ्या शब्दांत सांगता येईल, पण खरं एवढंच आहे की दुसऱ्यांदा हो म्हणवेना. घडी दोन बोटं फुटलेली, बाकी बंद. आता तर ती धड तुमच्या खोटेपणाची साक्ष नव्हती आणि धड माझी लपवाछपवीही नव्हती.

मग मला फळीवरची दुसरी प्रत आठवली. ती चार दिवसांपूर्वी आली होती, त्या दुसऱ्या विद्यापीठाकडून. आठ तासांच्या अंतरावर, लहान गावात, नाव सांगितलं की लोक "कुठे?" म्हणतात. संपूर्ण फी माफ, असं त्यांनी लिहिलं होतं. मी पत्र वाचून म्हटलं होतं, चांगलं आहे, आणि प्रत न उघडता फळीवर ठेवून दिली होती. जिथे फुकट बोलावतात तिथे काय असणार, असं माझ्या मनात आलं होतं, लिहून टाकतो. म्हणजे चार दिवस मीही तुमच्यासारखाच साहेब होतो. आता ती काढली. उघडली तर आवाज नाही. पाठ सैल पडलेली, मधून आपोआप उघडणारी. अस्तरावर कपाचा गोल डाग. दोन ठिकाणी पानाचा कोपरा दुमडलेला, ते मला आवडत नाही, पण असो. आणि पंचवीसनंतरची घडी फोडलेली होती, कडेला बारीक दाते पडलेले, म्हणजे लोखंडी पट्टीने, सावकाश, कागद फाटू नये म्हणून श्वास धरून. कुणीतरी पुढचं वाक्य वाचायला अडलं होतं, उठलं होतं आणि पट्टी शोधून आणली होती.

मी बसलो आणि वाचलं. त्या दोन पानांत काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल तुम्हाला. एवढंच सांगतो, की मला वाटलं होतं ते त्यात नव्हतं. वाचून मी खिडकीकडे तोंड केलं. तिच्या आईने सुई थांबवली. लग्नानंतर मी तिला सुई अशी थांबवताना क्वचित पाहिलंय. तिने दोरा तोडला आणि माझ्याजवळ पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पानाच्या समासात, त्या बारीक समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं: वडिलांना विचारून कळव, आजवर बांधलेल्यांत सगळ्यात वाईट प्रबंध कोणता? माझा असेल तरी चालेल, मीही त्याच विद्यापीठाचा. खाली नाव होतं.

पोरगी दोन वाजता आली. चपला काढल्या, हात धुतले, टेबलावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघड्या पाहिल्या. तुमच्या प्रतीतली घडी बोटाने चाचपली, गिऱ्हाइकाने पातं चाचपलं होतं तशी.

"हे दोन बोटं तुम्ही फोडलंत?"

मी म्हटलं, "हो."

"सकाळी अख्खं होतं. मी बघूनच गेले होते."

बाइंडरची पोरगी. पत्र वाचायच्या आधी तिने पुस्तकाची कड बघितली असणार, आणि मी वेड्यासारखा तिच्यापासून कड लपवत होतो. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही काय करता ते बघायचं होतं. पूर्ण फोडली असती तर गुपचूप त्या मोठ्या विद्यापीठात गेले असते, तुमच्यासाठी. मग म्हणाली, दोन बोटांवर थांबलात. तिची आई मागून म्हणाली, "दोन बोटंसुद्धा का घातलीत, ते विचार आधी." आणि कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं हसलो.

पुढे ती जे बोलली ते तुमच्या बाजूचं होतं, म्हणून तेही प्रामाणिकपणे लिहितो. ती म्हणाली, बाबा, न वाचता घेतलं म्हणजे मार्कांवर घेतलं, त्यात माझा अपमान नाही. तिथे मोठी माणसं आहेत, मोठं ग्रंथालय आहे, आणि त्या नावाने उद्या दारं उघडतात हेही खरं आहे. मी मान हलवली. मला माहीत आहे ते. त्या ग्रंथालयाच्या निम्म्या पाठी माझ्या हातच्या आहेत. माझ्या ओठांवर आलं होतं की मग जा, मशीन जाऊ दे, माझं मी बघतो. ते मी बोललो नाही, कारण ती अजून बोलत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या वाक्याच्या मध्ये माझं वाक्य घालायचं नव्हतं. ती म्हणाली, पण मला चार-पाच वर्षं अजून खूप लिहायचंय, आणि जो पट्टी आणायला उठला त्याच्यासमोर लिहायचंय. दारं मी नंतर उघडेन. घड्या फोडायची सवय आहे मला.

हे ती कोरड्या आवाजात बोलली. मला जे झालं त्याला अभिमान म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण तो सकाळच्या छाती भरण्यासारखा नव्हता. सकाळचा उसना होता, तुमच्या फाटकावरून आणलेला. हा आतून आला, हळूहळू, खळ कागदात मुरते तसा, आणि मुरला की कागद पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. मी सातवी शिकलेला माणूस. माझ्या पोरीने तुम्हाला नाही म्हटलं, साहेब. चार वाजता तिने दोन्हीकडे कळवलं. तुम्हाला तिने सभ्य भाषेत लिहिलंय, आभार मानलेत, कारण तिला तिच्या आईने वाढवलंय. मशीनच्या गिऱ्हाइकाला मी निरोप धाडला, की पातं आता बोथट होईपर्यंत इथेच चालणार. आणि समासातल्या पेन्सिलीला उत्तर म्हणून पोरीला सांगितलं, कळव त्यांना, तुमचा प्रबंध तिसऱ्या प्रकरणात घसरतो, पण सगळ्यात वाईट नाही. तो पुलांच्या खांबांचा होता. नाव पाहिल्याबरोबर मला ओळख पटली. तळघरात भिजलेल्या ढिगातही तो होता, आणि उघडताना बोलला होता.

उद्या तुमचे अकरा प्रबंध पोचवायचे आहेत. त्यांच्यावर ही निळी प्रत ठेवतोय. अर्ध्या फुटलेल्या घडीवर तिच्या आईने एक टाका घातलाय, पांढऱ्या दोऱ्याचा. तो कापला तर मला कळेल, आणि न कापता नळीत डोकावून वाचलंत तरी कळेल, कारण दोऱ्याला खळ लावलीय. पोचपावती मला नको. पुढच्या दाराने येऊन ठेवीन म्हणतो, पहारेकरी काय म्हणतो ते बघू. तुम्ही लिहिलंय की साद्यंत वाचलं. सही तुमची आहे. तर मग शिक्का नको, समिती नको, तिसऱ्या वाक्यातली दिलगिरीसुद्धा नको, मला एकच कळवा: माझ्या मुलीने सव्विसाव्या पानावर माझ्याबद्दल काय लिहिलंय?